हात पाठीमागे ठेवून शिकवायचं

मी कर्जतला व्हिडिओ गेमचं दुकान चालवत होते असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग साडीकडे, आणि मग समजुतीच्या सुरात विचारतो, "म्हणजे व्हिडिओ कॅसेटचं का, आजी?" नाही. कॅसेटचं नाही. गेमचंच. दांडी, बटणं, पडद्यावर फुटणारी विमानं आणि बाकावर ओळीने बसलेली माणसं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. पुढे घरोघरी रंगीत टीव्ही आले, टीव्हीला जोडायचे खेळ आले, आमच्या यांची बदली झाली आणि दुकान बंद पडलं. पण जितकी वर्षं चाललं तितकी वर्षं मी ते मानाने चालवलं. आजही कुणी नाक मुरडलं तर मी गप्प बसत नाही.

आमचे हे रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर द्यायला कर्जतला जादा इंजिनं लावतात, त्या इंजिनांवर. कामाच्या वेळा वेड्यावाकड्या. मूलबाळ नाही, घरात मी एकटी. स्टेशनवरून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर होतं आणि पुढची खोली एका शिंप्याला भाड्याने दिलेली होती. तो पनवेलला गेला, खोली रिकामी झाली. माझा धाकटा भाऊ वसंता दादरला टीव्ही दुरुस्त करायचा. तिथल्या एका हॉटेलाने आपली जुनी गेमची यंत्रं काढून टाकली, ती याने उचलली आणि टेंपोत घालून थेट माझ्या दारात आणून उभी केली.

"ताई, तू चालव. शिकवतो मी."

"अरे, मला मिक्सर चालवताना धडधडतं!"

"याला पातं नाही. बोट कापत नाही," वसंता म्हणाला.

यंत्र म्हणजे काय, तर माणसाच्या उंचीचं लाकडी कपाट. वरच्या अंगाला टीव्हीची काच, खाली फळी. फळीच्या डाव्या हाताला लाल गोळ्याची दांडी, उजव्या हाताला बटणं. पितळी टोकन टाकलं की खेळ सुरू. बटणाखाली पितळेच्या दोन पात्या असतात. बटण दाबलं की त्या एकमेकींना टेकतात आणि पडद्यावरचं विमान गोळी झाडतं. पात्यांवर काजळी धरली की बटण ऐकेनासं होतं. मग पाठीमागचं दार उघडायचं आणि काचकागदाने हलक्या हाताने घासायचं. पावसाळ्यात कपाटाच्या आत एक बारका बल्ब सतत जळता ठेवायचा, नाहीतर आपल्याकडच्या ओलीने आतला सगळा कारभार बसतो. शेजारची भाताची गिरण सुरू झाली की पडद्यावरचं चित्र आक्रसायचं आणि खेळणारे गिरणवाल्याला शिव्या घालायचे. हे सगळं मी शिकले. लोणच्याची बरणी आणि गेमचं यंत्र, दोन्हींना ओला हात लावायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं.

यंत्र सांभाळणं त्या मानाने सोपं. माणसं सांभाळणं हा खरा धंदा. आणि त्यात मला पहिल्याच काही दिवसांत एक गोष्ट कळली, की माणूस जिंकताना सारखाच दिसतो. हरताना मात्र प्रत्येकाचा चेहरा वेगळा. कुणी यंत्राला लाथ घालतो, कुणी दांडीला दोष देतो, कुणी मागे उभ्या असलेल्याला म्हणतो, तू बोललास म्हणून हरलो. आणि एखादाच हसून बाजूला होतो आणि म्हणतो, चल, ये, तुझा नंबर.

हे माझ्याआधी एका मामांना ठाऊक होतं. एका दुपारी टोपी-धोतरातले एक वयस्कर गृहस्थ आले आणि बाकाच्या टोकाला बसले. टोकन घेतलं नाही. बराच वेळ झाला तेव्हा मी विचारलं, "काय हवंय, मामा?"

"काय नको, बाय. बसतो जरा."

पुन्हा काही वेळाने जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तो निळ्या शर्टातला पोरगा हाय ना, त्याला आमची भाची द्यायचं चाललंय. बघायला गेलो तवा मान खाली घालून बसला व्हता. तसे सगलेच बसतात. मला तो हरल्यावर काय करतो ते बघायचं हाय."

निळ्या शर्टातला पोरगा नेरळचा, नुकताच नोकरीला लागलेला. तो मोटारीचा खेळ खेळत होता आणि त्या दिवशी शाळेतल्या एका चिमुरड्याने त्याला सगळ्यांसमोर हरवलं. बाकावरची पोरं खिदळली. त्याचे कान लाल झाले. मामा मान पुढे काढून बघत होते आणि खरं सांगते, मीही. तो त्या पोराजवळ वाकला. "ते शेवटचं वळण कसं घेतलंस रे? मला दाखव की."

मामा उठले. "झालं काम," म्हणाले आणि छत्री घेऊन गेले. लग्नाला आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं.

मी दुकानात नियम फार केले नव्हते. शाळेच्या वेळात शाळेच्या कपड्यात कुणी यायचं नाही. शिवी दिली की त्या दिवसापुरतं घरी. आणि तिसरा नियम मंगलमुळे झाला.

मंगलची आई माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे भाजी घेऊन बसायची. वालाच्या शेंगा, भोपळा, पावसाळ्यात रानभाज्या. मंगल अकरा-बारा वर्षांची, काटकुळी, दोन घट्ट वेण्या. आईला मदत करून झाली की रस्ता ओलांडून यायची. दुकानात मुली येतच नसत. ही एकटी. सुरुवातीला दारात उभी राहून बघायची, मग आत येऊन बघायला लागली, आणि एक दिवस आईकडून हट्टाने टोकनाचे पैसे मिळवून विमानांच्या खेळापुढे उभी राहिली. महिनाभरात तिच्याएवढं त्या खेळात कुणी पुढे जात नव्हतं. डोळा असा की पडद्यावर काय येणार ते तिला आधीच दिसायचं.

पण हरली की अंगात यायचं. एकदा तिने यंत्राच्या काचेवर अशी मूठ मारली की मला वाटलं, गेली काच. मी तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. आईने पलीकडून आरोळी दिली, "वयनी, द्या दोन धपाटे!"

मी धपाटे दिले नाहीत. म्हटलं, "मंगल, आता तू खेळायचं नाहीस. आधी एका नवख्याला शिकवायचंस. तो पहिली पातळी ओलांडेल तेव्हा तुझा नंबर."

तिने एका खेडवळ मुलाला शिकवायला घेतलं आणि घेतल्या घेतल्या त्याच्या हातातली दांडी हिसकली. "यडा हायस का रं तू! अशी नाय, अशी!"

"मंगल, हात पाठीमागे."

"मंग शिकवू कशी?"

"तोंडाने. हात पाठीमागे बांधायचे आणि सांगायचं. ओरडायचं नाही."

तिने पाठीमागे हात बांधले आणि तिच्या तोंडातून शब्दच फुटेना. हाताने जे लीलया करत होती ते सांगायचं कसं, हे तिला येत नव्हतं. बिचारी घामाघूम झाली. तो मुलगा तीन टोकनं हरला तेव्हा कुठे तिला सुचलं. "हे बघ, विमानाकडं बघू नको. गोळी कुठून येते तिकडं बघ."

तेव्हापासून तोच नियम झाला. नवखा आला की आधीच्या खेळणाऱ्याने शिकवायचं, हात पाठीमागे ठेवून. बघता बघता माझं दुकान बडबडीने भरून गेलं. पोरं एकमेकांना समजावायला लागली, विचारायला लागली, थांबायला लागली. मला वाटलं होतं भांडणं कमी होतील. माणसांत एवढं काही सुरू होईल असं वाटलं नव्हतं.

आणि मग दत्ताराम आला.

पळसदरीचा माणूस. तिशी ओलांडलेला, अंगाने भक्कम, घरची थोडी भातशेती, नोकरी खोपोलीकडच्या एका कागद कारखान्यात. कागद कापायच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. जखम भरत आली होती. दाखवायला कर्जतच्या डॉक्टरकडे यायचा आणि परतीच्या गाडीला वेळ असला की स्टेशनवर बसायचा. पण स्टेशनवर ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. "काय रं दत्ता, बघू हात. आरारा! आता काय करनार तू?" हे त्याला सहन होईना. तो माझ्या दुकानात का आला ते त्याने मला नंतर सांगितलं. "वयनी, तुमच्याकडं सगली मान्सं काचेकडं बगत व्हती. माज्याकडं कुनीच बगत नव्हतं."

तो बाकावर बसायचा, उजवा हात पँटच्या खिशात. चार-पाच वेळा आला, पण टोकन घेतलं नाही. मीही विचारलं नाही. एकदा मात्र मंगलने विचारलं. तिला विचारण्याची लाज कधीच नव्हती.

"काका, तुमी खेळत का नाय?"

"मला येत नाय गं."

"मंग शिकवते की. मला बी नंबर पायजेच."

तो हसला आणि नाइलाजाने खिशातून हात बाहेर काढून तिच्यासमोर धरला. बाकावरची पोरं वळून बघायला लागली. मंगलने हात नीट बघितला, उलटासुलटा, जशी ती आईच्या टोपलीतला भोपळा बघायची तसा.

"दांडी डाव्या हातात असते," ती म्हणाली. "उजव्या हाताला दोनच बटनं. तुमच्याकडं तीन बोटं हायत. एक जास्तीच हाय."

मी गल्ल्यामागे बसले होते. मला हसावं का रडावं कळेना. दत्तारामने तिच्याकडे बघितलं, मग यंत्राकडे, आणि उठला.

सुरुवात फार वाईट झाली. डॉक्टरांनी त्याला रबरी चेंडू दाबायला सांगितला होता, तो त्याने घरी कोनाड्यात टाकून दिला होता. हाताला सवय राहिली नव्हती. शिवाय एक गोष्ट मला त्याच्यामुळे कळली. दोन बोटं नाहीत हे त्याच्या डोक्याला अजून मान्य नव्हतं. बटण दाबायची वेळ आली की डोकं आधी गेलेल्या बोटाला हुकूम द्यायचं. बोट नसलेली जागा हलायची, बटण तसंच राहायचं आणि पडद्यावर विमान फुटायचं. वर थोटकाला धक्का बसला की डोळ्यांत पाणी यायचं. एकदा ते बघून एक पोरगा चटकन पुढे झाला आणि त्याच्या वतीने बटण दाबायला लागला.

"ए! हात पाठीमागं!" मंगल कडाडली. "त्यांचं ते दाबतील."

दत्ताराम तिच्याकडे वळून बघत राहिला. घरी त्याची बायको पार्वती त्याच्या शर्टाची बटणं लावायची, भात कालवून द्यायची. भाऊ बैल जुंपायला त्याला पुढे येऊ देत नसे. मायेनेच करत होते सगळे, पण त्याच्या हातातून एकेक काम निघून जात होतं. आणि इथे ही टीचभर पोरगी, नियम म्हणून, त्याला हात लावत नव्हती.

"आता करंगळीच्या शेजारच्यानं दाबा. बघू नका त्याच्याकडं. मी मोजते, तुमी दाबा."

तिने मोजायचं आणि त्याने दाबायचं असं कितीतरी दिवस चाललं. मंगलच्या आवाजातला चिडका सूर कमी कमी होत गेला. तो चुकला की ती ओठ चावायची, मोठा श्वास घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मी ते गल्ल्यावरून बघत होते. तिचं स्वतःचं हरणंही त्या दिवसांत बदललं. हरली की थोडा वेळ पडद्याकडे टक लावून उभी राहायची आणि पुटपुटायची, "घाबरले आन् बटन दाबत सुटले." दुसऱ्याला सांगता सांगता आपली चूकही तिला दिसू लागली होती.

हेच वाक्य तिने दत्तारामला शिकवलं. "काका, घाबरलं की बटन दाबत सुटायचं नाय. आदी बघायचं. मंग दाबायचं."

आणखी एक गोष्ट तिने त्याला शिकवली, ती यंत्रातली नव्हती. दत्ताराम आपला नंबर आला तरी बोलत नसे. पोरं मधे घुसायची, हा मागे सरायचा. एवढा बाप्या माणूस, पण अपघातानंतर त्याचं सगळं अंगच मागे सरलेलं होतं. एकदा एकापाठोपाठ एक पोरं त्याच्या पुढे गेली तेव्हा मंगलला राहवलं नाही.

"काका, तुमचा नंबर व्हता. बोलत का नाय?"

"जाऊ दे गं. ल्हान हायत."

"ल्हान हायत म्हनून काय? नंबर मागायला लागतो. गप बसलात तर कोन देनार?"

त्याने घसा खाकरला आणि भर दुकानात म्हणाला, "माजा नंबर हाय." पोरं मुकाट बाजूला झाली. एवढ्याशा गोष्टीने त्याचा चेहरा असा उजळला की मला आश्चर्य वाटलं.

याच दिवसांत दुकानावर बालंट आलं. गावात कुजबुज होतीच. पोरं बिघडतात, अभ्यास बुडतो, बाई माणूस असले धंदे करते. बाजारातले एक किराणा दुकानदार, सगळे त्यांना अण्णा म्हणत, काही पालकांना घेऊन माझ्या दारात आले. त्यांचा मुलगा प्रकाश माझ्याकडे यायचा.

"वहिनी, स्पष्टच बोलतो. हे बंद करा. नाहीतर आम्हाला नगरपालिकेत अर्ज द्यावा लागेल."

हे नेमके घाटात कामावर. मी उठून दारात आले. "अण्णा, बंद करायला सांगायच्या आधी एक संध्याकाळ इथे बसा. जे दिसेल ते बघा. मग तुम्ही म्हणाल तसं करू."

बाकीचे कुरकुरले, पण अण्णा हट्टी आणि सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी खरंच आले आणि मामा बसले होते त्याच टोकाला बसले. प्रकाश बापाला बघून पळायच्या बेतात होता, मी त्याला थांबवलं. त्या दिवशी प्रकाशला एका ठाकरवाडीच्या मुलाला शिकवायचं होतं. त्या मुलाने आयुष्यात असलं यंत्र बघितलेलं नव्हतं. प्रकाश पाठीमागे हात बांधून त्याला सांगत होता, पुन्हा पुन्हा सांगत होता. पलीकडच्या यंत्रावर मंगल आणि दत्ताराम. त्याचं विमान पाच वेळा फुटलं. सहाव्यांदा तो पहिली पातळी ओलांडून गेला, आणि दुकानातली सगळी पोरं, प्रकाशसकट, ओरडायला लागली. दत्ताराम आपला तीन बोटांचा हात वर करून नाचत होता.

अण्णा उठले. जाताना दारात थांबले. "आमचा प्रकाश घरी धाकट्याला पेन्सिलीला हात लावू देत नाही," म्हणाले. मग आपला पालकपणा आठवून आवाज चढवला. "पण दिवेलागणीला बंद करायचं. पोरं घरी अभ्यासाला बसली पाहिजेत."

"कबूल," मी म्हटलं. आणि पाळलं. त्यानंतर अर्जाचं नाव कुणी काढलं नाही. सगळ्यांची मनं वळली असं मी म्हणणार नाही. आणि एक खंत मला कायमची राहिली, की मंगलला बघूनही आणखी मुली आल्या नाहीत. दोघी-तिघी यायच्या, चार दिवसांनी घरचे बंद करायचे. मी दारोदार जाऊन आयांना समजावलं. एकीने तर मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

जखम पूर्ण भरली आणि कारखान्याने दत्तारामला बोलावलं. साहेबांनी सांगितलं, कापायच्या यंत्रावर आता घेता येणार नाही. गेटवर पहारेकरी म्हणून बस, नाहीतर भरपाई घेऊन घरी जा. दत्ताराम दुकानात आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"गेटवर बसायचं म्हंजे येनारा-जानारा हात बघनार, वयनी. आन् मी कारागीर मानूस."

"दुसरं काहीच काम नाही का तिथे?"

तो बाकावर टेकला. मग म्हणाला, "क्रेन हाय. वर छपराला. कागदाची मोठाली रिळं उचलायची. चालवनारा म्हातारा हाय, सुटनार हाय आता. वर खोक्यात बसायचं, दांड्या फिरवायच्या..." आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं असावं. त्याची नजर यंत्रावरच्या लाल गोळ्याकडे गेली.

मंगल शेंगा सोलत दारात बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मंग मागा की नंबर."

मागायला गेला. हे सांगायला सोपं आहे. साहेबाच्या केबिनबाहेर तो दोनदा जाऊन परत आला होता. तिसऱ्यांदा आत शिरला आणि खिशातून हात काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "साहेब, या हातानं मी क्रेन चालवून दाखवतो. एकदा बघा. नाय जमलं तर गेटवर बसेन, तक्रार करनार नाय." साहेबांनी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. शेवटी साहेब म्हणाले, म्हाताऱ्या क्रेनवाल्याजवळ बसून शीक, मग तुझी परीक्षा घेऊ.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून काही ना काही सांडत होते. मंगलची आई तिला हाका मारून थकली, ती माझ्या पायरीवरून हलली नाही. दुपारच्या गाडीने दत्ताराम येणार होता. गाडी आली, माणसं उतरून गेली, रस्ता रिकामा झाला. तो नव्हता. मंगलने माझ्याकडे बघितलं. मी उगाच पात्या घासायला घेतल्या.

तो पुढच्या गाडीने आला. शर्ट घामाने भिजलेला. पायरीवर बसला, पाणी मागितलं, आणि तांब्या रिकामा केल्यावर सांगायला लागला.

"खाली साहेब उभे. मुकादम हातानं खुना करनार, मी वरून बघायचं. रीळ उचललं. चांगलं वर आलं. मंग काय झालं, दांडी जरा जोरात गेली आन् रीळ लागलं झुलायला. एवडं मोठं रीळ, भिंतीकडं चाललं. खाली मान्सं वरडायला लागली. मी घाबरलो. वाटलं, दांडी उलटी ओढू, सुलटी ओढू, कायतरी करू..."

"आन् मंग?" मंगल.

"मंग हात उचलला. दांडी सोडून दिली. आदी बगितलं." तो तिच्याकडे वळला. "रीळ आपलं आपन झुलून थांबलं. मंग मुकादमाची खून बगितली आन् हलूच खाली ठेवलं. साहेब म्हनाले, पुन्ना कर. पुन्ना केलं. म्हनून तर गाडी चुकली."

"म्हणजे झालं?" मी ओरडलेच.

"एक म्हैना म्हाताऱ्याच्या नजरंखाली. मंग माज्या नावावर."

मंगलने मोठ्याने आईला हाक मारली. रस्त्यापलीकडून आईने काय झालं म्हणून विचारलं, आणि मंगलने भर बाजारात ओरडून सांगितलं, "काकांना क्रेन मिळाली!" भाजी घेणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. आमच्याकडच्या कुणालाही वाटलं असतं, काकांनी क्रेन विकत घेतली.

महिना संपला आणि क्रेन त्याच्या नावावर झाली. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत यायला मुभा असते. दत्तारामने आम्हा दोघांना आणि मंगलला तिच्या आईसकट बोलावलं. आमचे हे पहिल्यांदाच माझ्या दुकानातल्या कुणासाठी रजा काढून आले. मंगलने नवा परकर-पोलका घातला होता आणि तिच्या वेण्यांत झेंडूची फुलं होती. पार्वतीने आम्हाला हाताला धरून सगळा कारखाना दाखवला. यंत्रांना हार घातलेले, हळदीकुंकू लावलेलं, सगळीकडे ओल्या कागदाचा वास. आणि वर छपराला, आंब्याची डहाळी बांधलेली त्याची क्रेन.

दत्ताराम शिडी चढून वर गेला. पूजेनंतर क्रेन एकदा चालवून दाखवायची पद्धत होती. आकडा खाली आला, रीळ उचललं गेलं आणि आमच्या डोक्यांवरून नव्हे, मुकादमाने आखून दिलेल्या वाटेने, शांतपणे पलीकडे निघालं. मंगल मान वर करून बघत होती. तिचे हात आपसूक पाठीमागे गेलेले होते आणि ओठ हलत होते. ती मोजत होती.

रीळ जागेवर बसलं. टाळ्या वाजल्या. दत्ताराम खाली आला आणि सोनं वाटायला लागला. आधी साहेबांना आपट्याचं पान देऊन नमस्कार केला, मग म्हाताऱ्या क्रेनवाल्याला, मग यांना आणि मला. आणि मग तो मंगलसमोर आला, तीन बोटांच्या हाताने तिच्या हातावर पान ठेवलं आणि सगळ्या कारखान्यासमोर तिच्या पाया पडायला वाकला.

मंगल दचकून मागे सरली. "ओ काका, काय करताय? मी ल्हान हाय!"

"वयानं हायेस," दत्ताराम म्हणाला, आणि वाकला.